सुंदरबनची जलयात्रा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान वस्तुतः विद्वानांचा. आम्ही लेखक नव्हे आणि वक्तेही नव्हे. परंतु २०२४ सालच्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब बंगालमधील सुंदरबनास जाऊन आलो, हे वृत्त आमच्या चिटणीसांच्या कानी गेले. सहल-समितीच्या मनात पुढील हिवाळ्यात चाळीसएक मंडळींना तेथेच नेण्याचे घाटत आहे. तेव्हा आपला अनुभव चार शब्दांत सांगा, अशी त्यांनी आज्ञा केली. चार शब्दांत आमचे भागणार नाही, हे ओळखून त्यांनी अर्धा तास दिला आहे, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयास आरंभ करतो.

परत आल्यापासून भेटणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे. ‘वाघ दिसला का?’ आज या सभागृहात शिरतानाही दारात तिघांनी तोच प्रश्न केला. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. वाघ दिसला नाही. मात्र त्या न दिसलेल्या वाघापायी आम्ही एक अनुचित गोष्ट करण्यास सिद्ध झालो होतो. ती आपणांपुढे सांगावी, म्हणजे आपल्यापैकी पुढे जाणाऱ्यांच्या हातून ती घडणार नाही, या हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

आम्ही एकंदर नऊ माणसे होतो. आमच्या मातोश्री, वय वर्षे ७८; आम्ही उभयता; धाकटे बंधू व वहिनी; आणि चार मुले. त्यांत सर्वांत लहान पुतणी नऊ वर्षांची. मातोश्रींना नेण्यास आम्ही प्रथम कचरत होतो. नावेची चढउतार, थंडी, परमुलखातील अन्न, या वयात हे झेपेल कसे, अशी आमची शंका. त्यांचे उत्तर मात्र तयार होते. ‘माझा जन्म खाडीकाठचा आहे. मला पाण्याची भीती घालू नकोस.’ यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

मुंबईहून आगगाडीने हावडा, तेथून कलकत्त्यास एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सियालदह स्थानकावरून कॅनिंगची लोकल, असा आमचा मार्ग होता. कॅनिंग हे आज मासळीच्या बाजाराचे गजबजलेले गाव आहे. त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. इंग्रजांनी मातला नदीच्या काठी कलकत्त्याला पर्याय म्हणून येथे नवे बंदर उभारण्याचे योजिले. वादळांचा अभ्यास करणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलना पत्र लिहून इशारा दिला की, येथे बंदर बांधाल तर एखादे वादळ त्याचा ग्रास घेतल्यावाचून राहणार नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला देणारे ते हेच पिडिंग्टन. त्यांचे कोणी ऐकले नाही. बंदर झाले, रूळ आले, आणि १८६७ सालच्या वादळात त्या बंदराची दैना उडाली. रेल्वे तेवढी उरली. नदीचे म्हणणे न ऐकता तिच्या दारात घर बांधणाऱ्यांची ही गोष्ट आमच्या मुलांना गाडीतच सांगून झाली होती. तिचा बोध आम्हीच दोन दिवसांत विसरलो, तो भाग पुढे येईल.

कॅनिंगहून मोटारीने गोदखालीच्या धक्क्यापर्यंत गेलो आणि तेथे आमची लाँच उभी होती. खाली चार बाके व स्वयंपाकाची जागा, वर उघडा सज्जा. चालक, त्याचा मदतनीस, स्वयंपाकी आणि वनखात्याचा परवानाधारक मार्गदर्शक असे चौघे. जंगलाच्या पाण्यात शिरणाऱ्या प्रत्येक नौकेला परवाना काढावा लागतो व असा मार्गदर्शक बरोबर घ्यावाच लागतो. नौकेचा चालक पंचेचाळिशीचा, सडपातळ, मितभाषी. त्याला आम्ही ‘दादा’ म्हणत असू. त्याने मात्र पहिल्या क्षणापासून आमच्या मातोश्रींना ‘मासीमा’ म्हणून हाताला धरून फळीवरून आत घेतले.

आता थोडे या प्रदेशाविषयी. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचा हा मुलूख. त्याचे क्षेत्र सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर असून त्यातला मोठा वाटा बांगलादेशात व उरलेला भारतात आहे. भारताच्या बाजूस १०२ बेटे धरली जातात. त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे व बाकीची जंगलाकडे आहेत. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या राखीव क्षेत्रांत सुंदरबनचा समावेश झाला. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव गेले, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत त्याची नोंद झाली. २०२२ च्या गणनेप्रमाणे भारतीय सुंदरबनात शंभराच्या आसपास वाघ आहेत. वस्तीच्या बेटांवर राहणारी माणसे चाळीस लाखांहून अधिक आहेत. हे दोन आकडे आम्ही प्रवासाआधी पाठ केले होते, पण त्यांचे एकमेकांशी नाते काय, ते आम्हांस तेथे जाईपर्यंत कळले नाही.

पहिला मुक्काम गोसाबा. येथे डॅनिएल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थांनी १९०३ साली जमीन घेऊन वसाहत वसवली, शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी सहकारी पतपेढी व भांडारे काढली, आणि १९३६ साली एक रुपयाच्या स्वतःच्या नोटाही चालविल्या. १९३२ साली कविवर्य रवींद्रनाथ ठाकुर हा प्रयोग पाहण्यास येथे येऊन राहिले होते. त्यांच्या मुक्कामाचा लाकडी बंगला अद्याप उभा आहे. मुलांनी तेथे छायाचित्रे काढली. मातोश्री मात्र बंगल्याकडे पाठ करून नदीकडे पाहत होत्या.

‘अरे, घरं नदीच्या खाली आहेत,’ त्या म्हणाल्या.

आम्ही वळून पाहिले, आणि खरोखरच तसे होते. आम्ही उभे होतो तो रस्ता म्हणजे मातीचा बांध. एका हाताला भरतीचे पाणी काठोकाठ आलेले. दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या पातळीहून कितीतरी खाली, भाताची कापलेली शेते, तळी, गवती व पत्र्याची घरे आणि अंगणात खेळणारी मुले. मार्गदर्शकाने याचा उलगडा केला. भरतीबरोबर येणाऱ्या गाळाने जमीन पुरती वर येण्याआधीच माणसाने बांध घालून ती लागवडीस घेतली. बांधाने पाणी अडले, तसा गाळही अडला. जमीन होती तेथेच राहिली आणि बांधाबाहेर नदीचा तळ मात्र गाळाने चढत गेला. या मुलखात असे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर बांध आहेत. त्यांच्या आडोशाला ती चाळीस लाख माणसे निजतात.

२५ मे २००९ रोजी ‘आयला’ वादळात हे बांध ठिकठिकाणी फुटले आणि खारे पाणी शेतांत शिरले. पाणी ओसरले तरी मीठ मागे राहिले व कित्येक शेतांनी पुढील काही वर्षे धड पीक दिले नाही. घरोघरचे तरुण केरळ, तामिळनाडूकडे मजुरीस गेले. २० मे २०२० रोजी ‘अंफान’ आले आणि त्याने पुन्हा तेच केले.

आमच्या मातोश्रींचे माहेर रायगड जिल्ह्यातील खाडीकाठचे. तेथील खारबंदिस्तीची त्यांना लहानपणापासून माहिती. त्यांनी सांगितले की उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडले म्हणजे कोणाचे शेत हे कोणी विचारीत नसे. मशाली घेऊन सारा गाव चिखलात उतरे, कारण एकाच्या बांधातून शिरलेले पाणी दुसऱ्याच्या बांधाशी थांबत नाही. मार्गदर्शकाने हे बंगालीत सांगताच आमच्या चालकाने सुकाणूवरून मान वळवून मातोश्रींकडे पाहिले व हसला. पुढील तीन दिवस त्या दोघांचे संभाषण चालू होते. ही मराठीत बोलत, तो बंगालीत, आणि दोघांनाही सर्व समजत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातून आमची लाँच सजनेखालीस गेली व तेथून जंगलाच्या पाण्यात शिरली. बंधुभगिनींनो, या जलविहाराचे वर्णन करणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे. तरी प्रयत्न करतो. बंगालीत या प्रदेशाला ‘भाटीर देश’, म्हणजे ओहोटीचा देश, म्हणतात. या नावातच त्याचे मर्म आहे. दिवसातून दोनदा पाणी दहा-बारा फुटांहूनही अधिक चढते व तितकेच उतरते. भरतीच्या वेळी झाडांचे शेंडे तेवढे पाण्यावर टेकल्यासारखे दिसतात. सहा तासांनी तेथेच चकचकीत चिखलाची उंच कड उघडी पडते, आणि तिच्यातून बोटा-बोटाएवढ्या हजारो मुळ्या वर तोंड काढून उभ्या असतात. चिखलात हवा नसल्यामुळे ही झाडे मुळांनी वरून श्वास घेतात. गरान नावाच्या झाडाचे बी झाडावर असतानाच रुजते व कोंब फुटल्यावर खाली पडते. कारण येथे साध्या बीला रुजायला पाणी उसंत देत नाही. सुंदरी या झाडावरून वनाचे नाव पडले असे बहुतेक मानतात. परंतु त्याला गोडे पाणी अधिक मानवते आणि भारताच्या बाजूला नद्यांचे गोडे पाणी घटल्यामुळे ते आता येथे विरळ झाले आहे.

मातोश्रींनी एका झाडाकडे बोट दाखवून नाव विचारले. चालक म्हणाला, ‘बाईन.’ त्या म्हणाल्या, ‘तिवर.’ दोन्ही नावे एकाच जातीची! चिखलावर उड्या मारणारे डोळेबटारे मासे पाहून मुले ओरडली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ओरडता काय? आपले निवटे आहेत ते.’ केवडा नव्हे, केओडा नावाचे एक झाड तेथे आहे, आपल्याकडील चिपीचे भावंड. त्याच्या फांद्यांवर माकडे पाला खात बसली होती आणि निम्मा पाला खाली टाकीत होती. खाली चितळांचा कळप तो पडलेला पाला वेचीत उभा होता. चिखलाच्या उतारावर खाऱ्या पाण्यातली एक प्रचंड मगर ऊन खात पडली होती. तिला आम्ही अर्धा मिनिट ओंडका समजलो. निळ्या, तांबूस, तपकिरी पंखांचे खंड्या, बगळे, ब्राह्मणी घारी आणि हाताएवढ्या पाणघोरपडी यांची तर गणतीच नाही. सुधन्यखालीच्या मनोऱ्यावरून वनखात्याने खोदलेले गोड्या पाण्याचे तळे पाहिले. सभोवार पाणीच पाणी असून पिण्याजोगा थेंब नाही, म्हणून जनावरांना अशा तळ्यांचा आधार लागतो.

आणि एवढे सर्व पाहूनही दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या लाँचवर सुतकी कळा होती. कारण वाघ दिसला नव्हता. ज्या पर्यटनसंस्थेमार्फत आम्ही गेलो, तिच्या पत्रकावर मोठा थोरला पट्टेदार वाघ होता, आणि आपण त्याचेच पैसे भरले आहेत अशी आमची नकळत समजूत झाली होती. वाटेत भेटलेल्या एका लाँचवरील मंडळींनी हात उंचावून सांगितले की त्यांना पहाटे वाघ पोहताना दिसला. आमची धाकटी पुतणी तेव्हापासून रुसून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी लागली असता, एका अरुंद खालाचे तोंड लागले. खाल म्हणजे खाडीची चिंचोळी फांदी. दोन्ही काठांवर हेंतालाच्या झाडांची दाटी होती. हेंताल ही खजुराच्या जातीची झुडपे. त्यांच्या पिवळसर पात्यांत वाघ उभा राहिला तर दहा हातांवरूनही ओळखू येत नाही, असे मार्गदर्शकाने सकाळीच सांगितले होते. खालाच्या तोंडाशी प्रवेशबंदीची पाटी होती. मार्गदर्शक पुढच्या बाजूस मुलांना दुर्बिणीतून पक्षी दाखवीत होता. आम्ही दोघे बंधू चालकाजवळ गेलो व हळूच म्हणालो, ‘दादा, आत घ्या. हजार रुपये वर देऊ.’

तो हसून मानेने नाही म्हणाला. मुंबईच्या बाजारात ‘नाही’चा अर्थ ‘थोडे वाढवा’ असा होतो. आम्ही म्हणालो, ‘दोन हजार. मुलांचा हिरमोड झाला आहे हो.’

त्याने सुकाणू सोडले नाही. मोडक्या हिंदीत तो इतकेच बोलला की, परवाना गेला तर गेला, पण पाणी उतरते आहे. आत रुतलो तर सहा तास हलता येणार नाही. काठ हाताच्या अंतरावर असतील, आणि नाव ढकलायला चिखलात मलाच उतरावे लागेल.

आम्ही यावर काही बोलणार, तोच मागून आवाज आला. मातोश्री केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हांस कळले नव्हते.

‘दुसऱ्याच्या लेकराला चिखलात उतरवून आपल्या लेकरांची हौस फेडायची का? किती रुपये म्हणालास?’

आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्या वयात माणूस आपल्याला चार लोकांत प्रतिष्ठित समजू लागतो, त्या वयात आईने मुलांदेखत असे विचारावे, याचा सल फार खोल जातो. लाँच खालाचे तोंड सोडून पुढे गेली. चालकाने त्यानंतरही आमच्याशी पूर्वीच्याच अदबीने वर्तन ठेवले. त्यामुळे तर आम्हांस अधिकच लाज वाटली.

त्या रात्री आमच्या मुक्कामाच्या गावी, पाखिरालयात, अंगणात बनबीबीचा खेळ झाला. बनबीबी ही या जंगलाची रक्षणकर्ती. मध काढणारे, खेकडे धरणारे, मासेमार, मग ते हिंदू असोत वा मुसलमान, तिला हात जोडल्यावाचून जंगलात पाऊल टाकीत नाहीत. तिची कथा बंगाली पद्यात असून त्या पोथीची पाने उर्दूच्या पुस्तकाप्रमाणे उजवीकडून उलटतात. कथा अशी. धोना नावाचा मनुष्य मध आणण्यास सात नावा घेऊन निघतो व गावातल्या एका गरीब विधवेचा एकुलता मुलगा दुखे याला चाकरीस बरोबर नेतो. जंगलाचा स्वामी दक्षिण राय वाघाचे रूप घेणारा. तो धोनाला सांगतो की, तुझ्या सातही नावा मध-मेणाने भरून देतो, मोबदल्यात हा पोरगा मला दे. धोना कबूल होतो. नावा भरतात आणि दुखेला काठावर सोडून तो निघून जातो. वाघ झेपावतो तेव्हा दुखे आईने शिकविल्याप्रमाणे बनबीबीचा धावा करतो. ती येऊन त्याला मांडीवर घेते आणि दक्षिण रायाला आवरते. शेवटी वाटणी ठरते की, दाट जंगल त्याचे. आणि माणसाने आत यायचे तर रिकाम्या हाताने, निर्मळ मनाने, गरजेपुरतेच घेण्यासाठी यायचे. दुखे घरी परततो व धोनाला क्षमा करतो.

मार्गदर्शक वाक्यावाक्यास अर्थ सांगत होता. धोना सात नावांचा सौदा पटवू लागला तेव्हा आमच्या धाकट्या बंधूंनी आमच्याकडे पाहिले नाही आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही.

चौथ्या दिवशी पहाटे मातोश्री लाँचवर चालकाशेजारी मुरमुरे खात बसल्या होत्या. मार्गदर्शक मध्यस्थ होता. चालकाचे वडील खेकडे धरीत. चालक पंधरा वर्षांचा असताना ते परवान्याविना निषिद्ध भागात गेले, कारण परवाना मोजक्याच नावांना मिळतो आणि पोट सर्वांनाच असते. बरोबरच्या दोघांनी रिकामी नाव परत आणली. घरच्यांनी गावात सांगितले की, ते तापाने गेले. वाघाने नेले म्हणावे तर वनखात्याची चौकशी व दंड. शिवाय ज्या बाईचा नवरा वाघाने नेला तिला गावातही अपशकुनी मानण्याची रीत. म्हणून आईने ती गोष्ट मनात ठेवली आणि मुलाकडून वचन घेतले की, तू खालात उतरणार नाहीस, नदीच्या मध्यावर राहशील. तो तीस वर्षे नदीच्या मध्यावर आहे.

मातोश्रींनी आम्हांस जवळ बोलावून हे सर्व पुन्हा सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘त्याला पैसे द्यायचे असतील तर जाताना दे. पण कशाचे, ते सांगून दे.’

त्याच सकाळी आमच्या पुतणीला पहिल्यांदा काठावर ठसे दिसले. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावरून ते एका ओळीत पाण्यापर्यंत उतरले होते आणि समोरच्या काठावर पुन्हा वर चढले होते. वाघ रात्री ती नदी पोहून गेला होता. चालकाने इंजिन बंद केले. ठशांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, म्हणजे तो या ओहोटीतच गेला, आणखी दोन तासांनी भरती हे सारे पुसून टाकील, असे त्याने सांगितले. कोणी बोलले नाही. नऊ वर्षांची मुलगी वीस मिनिटे गप्प बसून चिखल पाहते, हा देखावा आमच्या घराण्यात प्रथमच घडला. परतताना ती आपणहून म्हणाली, ‘काका, तो आपल्याला न दिसता गेला ना, ते बरं झालं. त्याला घाई असेल.’

गोदखालीच्या धक्क्यावर निरोप घेताना आम्ही चालकाच्या हाती पाकीट दिले आणि सांगितले की, परवा तुम्ही ‘नाही’ म्हणालात, त्याबद्दल हे आहे. त्याने ते पाकीट कपाळाला लावले आणि मातोश्रींना वाकून नमस्कार केला.

आता सहल-समितीस काही सूचना. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे. त्यावाचून परवाना होत नाही. चाळीस मंडळी एका मोठ्या लाँचवर न कोंबता तीन लहान लाँच घ्याव्यात, म्हणजे गलबला कमी होईल आणि तीन घरांना काम मिळेल. पिण्याचे पाणी मोठ्या पिंपांतून न्यावे. प्लॅस्टिकच्या बाटल्या व पिशव्या नेऊ नयेत. भडक वस्त्रे, अत्तरे व गाणीबजावणी घरी ठेवावी. वयस्क मंडळींना अवश्य न्यावे. पाण्याची भाषा आपल्यापेक्षा त्यांना अधिक येते. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना: ‘वाघ दाखवाल तर इतके देऊ’ असे कोणीही कोणास म्हणू नये. आपण सहज बोललेल्या आकड्यासाठी कोणातरी आईचे वचन मोडले जाऊ शकते.

आणखी एक. सुंदरबनास जाण्यापूर्वी समितीने एक दिवसाची सहल ठाणे खाडीची काढावी. २०२२ साली हीदेखील रामसर यादीत आली आहे. हिवाळ्यात ऐरोलीहून नावेत बसून रोहित पक्ष्यांचे थवे पाहता येतात, आणि तिवरांची श्वसनमुळे आपल्या रेल्वे रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. चिपीला तर २०२० सालापासून महाराष्ट्राच्या राज्य कांदळवृक्षाचा मान आहे. आमच्या मुलांना हे सर्व बंगालात जाऊन कळले, याचा दोष आमच्याकडे. आजीला विचारले असते तर ते घरबसल्या कळले असते.

अध्यक्ष महाराज, चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत. तेव्हा पुरे करतो. उद्यापासून आम्हांस कोणी ‘वाघ दिसला का?’ असे विचारल्यास आम्ही सांगू, ‘वाघ दिसला नाही, पण त्याची वाट दिसली, आणि ती जिच्या दारावरून जाते ती वस्तीही दिसली.’  सभागृहात पुढे बसलेल्या आमच्या मातोश्रींनी हे भाषण आधी वाचून त्यातील आमच्या बाजूची दोन वाक्ये काढून टाकली आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार.